जीपचा हूड

मराठीत 'हूड' म्हणजे खोडकर, कुणाचं न ऐकणारा. इंग्रजीतून आलेला 'हूड' म्हणजे गाडीचं कापडी छप्पर. उभा जन्म मराठी शिकवण्यात गेला, पण हे दोन्ही अर्थ एकाच वस्तूला इतके चपखल बसतात हे मला वर्गात नाही, आमच्या अंगणात कळलं.

नातेवाईक मंडळींना आमची जीप ठाऊक आहेच. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. देवरुखपासून थोडं आत आमचं घर आहे, आंब्याकाजूची बाग आहे. बागेचा रस्ता म्हणजे रस्ता म्हणायचा एवढंच. म्हणून 1987 साली ह्यांनी एक जुनी महिंद्रा जीप घेतली. 1972 सालची, सीजे थ्री बी. ह्या जीपचं बॉनेट उंच असतं, कारण आतलं हरिकेन इंजिनच उंच. स्टिअरिंग डाव्या बाजूला, आणि मागच्या फळीवर ठळक अक्षरात 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' असं रंगवलेलं. तेव्हा रस्त्यावरच्या बऱ्याच जीपांवर ती पाटी दिसायची. अमेरिकन लोक बॉनेटलाच हूड म्हणतात, पण आपण इंग्रजांकडून शब्द घेतला, त्यामुळे आपला हूड म्हणजे वरचं कापड. पूर्वी टांग्याला असायचा त्याला टप म्हणायचो, तेच हे.

जीप ही गाडी मुळात उघडीच. दुसऱ्या महायुद्धासाठी ती 1941 पासून बनू लागली आणि युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या. सैनिकाला चटकन उडी मारून उतरता यावं, वजन कमी असावं, दुरून गाडी दिसू नये, म्हणून छप्पर नाही, दारं नाहीत, समोरची काचसुद्धा बॉनेटवर आडवी पाडता येते. पाइपच्या कमानी आणि त्यावर कॅनव्हास, एवढाच काय तो आडोसा. हवा तेव्हा घालायचा, नको तेव्हा काढायचा. अशी ही उघडी गाडी आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात आली, जिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तोही सरळ न पडता आडवा येतो!

पण खरं सांगायचं तर कोकणी माणसाला ह्यात नवीन काही नाही. आमचं सगळंच घालायचं आणि काढायचं असतं. मे महिन्यात घर शाकारायचं, फुटकी कौलं बदलायची, पडवीला झडी बांधायच्या, अंगणातला मांडव उतरवायचा. पाऊस संपला की झडी सोडायच्या, अंगण चोपायचं, पुन्हा मांडव घालायचा. शेतात लावणीच्या वेळी डोक्यावर इरलं, तेही पावसाळा संपला की खुंटीला. तेव्हा मांडव उतरला की जीपवर हूड चढवायचा, आणि मांडवाच्या मेढी पुन्हा रोवल्या की हूड उतरवायचा, हा क्रम आमच्याकडे आपोआपच पडला. पंचांगाच्या हिशेबात सांगायचं तर रोहिणी लागण्याच्या सुमाराला हूड वर आणि हस्ताचा पाऊस सरून चित्राचं ऊन पडलं की हूड खाली.

जाता जाता एक गंमत. 'ताडपत्री' हा शब्द ऐकला की वाटतं, ताडाच्या पानांशी, जुन्या पोथ्यांशी ह्याचं नातं असणार. तसं काही नाही. 'टार्पोलिन' ह्या इंग्रजी शब्दाचं आपण केलेलं ते बारसं आहे. त्यातला 'टार' म्हणजे डांबर. खलाशी कापडाला डांबर फासून पाणी अडवायचे. आणि 'कॅनव्हास' हा शब्द लॅटिनमधल्या भांगेच्या झाडाच्या नावावरून आला, कारण पूर्वी हे कापड त्या झाडाच्या तागासारख्या धाग्याचं विणत. असो. मास्तरीण निवृत्त झाली तरी खोड जात नाही.

आता मुख्य मुद्दा. हूड घालायला माणसं दोन लागतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. आमच्याकडे ड्रायव्हरची म्हणजे डावी बाजू ह्यांची आणि उजवी माझी. 1987 पासून ही वाटणी कधी बदलली नाही.

सुरुवात कमानींपासून. त्या बॉडीवरच्या खोबणीत उभ्या करायच्या आणि नटबोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवायचे. पाना शेवटी. कापड जिथे पाइपवर घासतं तिथे सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे गुंडाळायचे, नाहीतर दोन पावसाळ्यांत कापड नेमकं कमानीच्या रेषेवर विरतं. मग हुडाची गुंडाळी वर ठेवायची आणि पहिल्यांदा पुढची कड काचेच्या चौकटीवर अडकवायची. पुढची कड बसली की गुंडाळी मागे उलगडत न्यायची. मागचे पट्टे बकलात ओवायचे, पण ओढायचे नाहीत. मग बाजूची टिचबटणं, समोरासमोर. डावीकडे एक लागलं की उजवीकडे त्याच्याच जोडीचं. एका बाजूची सगळी लावून मग दुसरीकडे गेलं की तिकडची शेवटची दोन बटणं हमखास चार बोटं लांब राहतात, आणि मग ओढाताण करून कापड फाटतं. बाजूचे पडदे आणि मागचा पडदा अगदी शेवटी.

सगळं लागल्यावर पट्टे थोडे आवळायचे, थोडेच. कारण सुती कापड भिजलं की आखडतं. कोरडं असताना डफासारखं ताणलंत तर पहिल्या पावसात शिवण उसवलीच म्हणून समजा. शिवाय सुती धागा पाणी पिऊन फुगतो आणि विणीतली बारीक भोकं आपली आपण बुजतात. म्हणून नवा हूड पहिल्या सरीला थोडा झिरपतो आणि नंतर झिरपायचा थांबतो. फक्त भिजलेल्या हुडाला आतून बोट लावायचं नाही. जिथे बोट लागेल तिथून पाणी ठिबकायला लागतं. आमच्या मुलांनी लहानपणी हा प्रयोग मागच्या सीटवर बसून असंख्य वेळा केला आहे. आता कळलं ना 'हूड' शब्दाचे दोन अर्थ?

पण घालणं त्या मानाने सोपं. तेव्हा पावसाची भीती असते, माणूस लक्ष देऊन काम करतो. खरी कसोटी काढताना आणि ठेवताना. पाऊस गेलेला असतो, गरज सरलेली असते, आणि गरज सरली की वस्तूकडे कोण बघतं?

आमच्याकडे तीन हूड झाले. पहिला जीपबरोबर आला होता, तो 1994 पर्यंत टिकला. त्या वर्षीच्या आधीच्या पावसाळ्यानंतर कामाला असलेल्या एका गड्याने तो अर्धवट ओला असतानाच चारपदरी घडी घालून पोत्यांच्या खाली ठेवून दिला. मे महिन्यात उलगडला तर घडीघडीवर काळी बुरशी, आणि उचलल्याबरोबर घडीवरच फाटला. दुसरा 1994 साली रत्नागिरीतल्या एका कारागिराकडून शिवून घेतला, तो पंधरा वर्षं चालला. तिसरा 2009 साली माझ्या निवृत्तीच्या पैशातून शिवला. तो अजून आहे. कापड तिन्ही वेळा साधारण सारखंच होतं, पाऊसही तोच. फरक फक्त ठेवण्यात पडला.

1994 नंतर ह्यांनी काढण्याची जी पद्धत बसवली ती अशी. आधी हूड जीपवर असतानाच साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचा. साबण, पावडर काही नाही, त्याने कापडावरचं मेण निघून जातं. मग दोन दिवस तसाच जीपवर वाळवायचा. हुडाला जीपपेक्षा चांगली वलनी कुठली मिळणार? पडदे आतली बाजू बाहेर करून टाकायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी कापड हाताला कडकडीत लागतं, पण त्यावर विश्वास ठेवायचा नाही. शिवणीत कापडाचे चार-चार पदर असतात, त्या सगळ्यांत शेवटी वाळतात. हे शिवणीला गाल लावून बघतात. गालाला गार लागलं की आणखी एक दिवस. तळहात फसतो, गाल फसत नाही असं त्यांचं म्हणणं.

उतरवताना सगळा क्रम उलटा. मागचा पडदा आधी, पुढची कड शेवटी. टिचबटण कापड ओढून काढायचं नाही, बटणाच्या अगदी कडेला चमच्याची दांडी सरकवून उचलायचं. सगळी बटणं निघाली की त्यांवर मेणबत्ती घासायची, म्हणजे आमच्या दमट हवेत ती गंजून घट्ट होत नाहीत. उसवलेली शिवण दाभणाने त्याच दिवशी शिवायची आणि शिवणीवरूनही मेणबत्ती फिरवायची.

आणि घडी कधीच घालायची नाही, गुंडाळायचा. मध्ये बांबूचा दांडा. पडद्यांना ज्या प्लास्टिकच्या खिडक्या असतात त्यांवर मऊ जुनं धोतर पसरून मग गुंडाळायचं, नाहीतर प्लास्टिक एकमेकांना चिकटतं किंवा त्यावर चरे पडतात. ह्या खिडक्या वयाबरोबर पिवळ्या पडतात, ताठर होतात. थंडीच्या दिवसांत सकाळी उलगडायला गेलं तर तडकतात, म्हणून ऊन चढल्याशिवाय हात लावायचा नाही. गुंडाळी बांधायची ती कापडी चिंध्यांनी, सुतळीने नाही, सुतळी रुतते. वरून माझी जुनी सुती साडी. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलं तर आतला ओलावा आतच कोंडतो. साडीच्या पदरात वेखंडाचे दोन तुकडे. मग ती गुंडाळी माळ्यावर, भिंतीपासून दूर, वाशांना दोन दोऱ्यांनी टांगायची आणि दोरीत नारळाची करवंटी पालथी ओवायची, म्हणजे उंदराला दोरीवरून खाली उतरता येत नाही. शिमग्याला एकदा खाली काढून उन्हं दाखवायची.

एखादी माहेरवाशीण घरात आली तर जेवढी बडदास्त ठेवू तेवढी ह्या कापडाची ठेवली जाते, असं माझ्या जाऊबाई म्हणायच्या. खरं आहे ते. चार महिने हूड जीपला सांभाळतो, उरलेले आठ महिने आपण हुडाला सांभाळायचं.

2022 च्या डिसेंबरात हे पडवीच्या पायरीवरून पडले. उजवा खांदा दुखावला. औषधं झाली, व्यायाम झाले, पण हात छातीच्या वर जात नाही तो नाहीच. वय तेव्हा शहात्तर. गाडी चालवायला काही अडचण नाही म्हणतात, आणि बागेपर्यंत चालवतातही. पण हुडासाठी हात डोक्याच्या वर न्यावा लागतो.

2023 आणि 2024 च्या मे महिन्यात मुलगा पुण्याहून येऊन हूड घालून गेला. दोन्ही वेळा हे आंब्याखाली खुर्ची टाकून बसले आणि एक अक्षर बोलले नाहीत. मुलाने आपल्या पद्धतीने एक बाजू पूर्ण लावली, मग दुसरी ओढली. मी बघत होते आणि ह्यांच्याकडेही बघत होते. नंतर फोनवर मुलं म्हणायला लागली, बाबा, आता वर पक्कं पत्र्याचं छप्पर बसवून टाका, नाहीतर जीप विका. नातवाने सांगितलं, 2020 पासून नव्या थारलासुद्धा कापडी टपाबरोबर पक्कं छप्परही मिळतं, त्यात कमीपणा काही नाही. मुलांचं चुकीचं नव्हतं. काळजीनेच बोलत होती. पण हे नुसतं 'बघू' म्हणायचे, आणि ह्यांचं 'बघू' म्हणजे काय हे मला लग्नापासून माहीत आहे.

मग आलं 2025. मुलगा मेच्या शेवटच्या शनिवारी यायचा होता. पण त्या वर्षी पाऊस कुणासाठी थांबलाच नाही. मोसमी पाऊस 26 मे रोजी मुंबईत पोचला, आजवरच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. आमच्याकडे तर त्याच्या आधीच आठवडाभर वळवाने झोडपायला सुरुवात केली होती. मांडव अजून उतरायचा होता आणि मांडवाखाली जीप उघडी.

एका दुपारी पाऊस जरा उघडला तेव्हा मला हे जीपपाशी दिसले. माळ्यावरून गुंडाळी कशीबशी खाली ओढून आणली होती आणि डाव्या एका हाताने ती कमानीवर चढवायचा प्रयत्न चालला होता. गुंडाळी वर गेली, घसरली, पुन्हा वर गेली, पुन्हा घसरली. मला बघून म्हणाले, "काही नाही, बघत होतो." मीही काही बोलले नाही. शेजारच्या मुलाला हाक मारली. बारावीची परीक्षा दिलेला, अंगाने धट्टाकट्टा मुलगा, लगेच आला. पण आल्या आल्या त्याने कापड रस्सीखेच असल्यासारखं ओढलं. ह्यांचा आवाज चढला. "अरे तिथून नाही, तिथून! तसं नाही!" 'तिथून' म्हणजे कुठून आणि 'तसं' म्हणजे कसं हे त्या पोराला कसं कळणार? इतकी वर्षं ह्यांना सांगावं लागलंच नव्हतं. मी समोर असायचे, ह्यांचा हात जिथे जाई त्याच्या समोर माझा.

शेवटी मीच पुढे झाले. ह्यांना स्टूल दिलं, जीपच्या बरोबर समोर, जिथून दोन्ही बाजू दिसतील. म्हटलं, "तुम्ही एका वेळी एकच वाक्य सांगायचं. वाक्यात 'तिथून' नको, वस्तूचं नाव हवं." मुलाला माझ्या बाजूला उभा केला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा डाव्या बाजूला गेले. पहिली पाच-सहा वाक्यं ओढून काढावी लागली. मग हळूहळू ह्यांना सूर सापडला. "पुढच्या कडेचं मधलं बटण आधी, मग कोपरे." "पट्टा बकलात ओव, ओढू नको." "आता तिकडचं तिसरं, इकडचं तिसरं." एरवी पाऊण तासाचं काम, त्या दिवशी अडीच तास लागले. मध्ये एक सर येऊन गेली, आम्ही तिघंही भिजलो. पण एकही बटण लांब राहिलं नाही. मुलगा जाताना म्हणाला, "आजोबा, काढायच्या वेळी पण बोलवा." ह्यांनी मान हलवली. ते समाधान मी बऱ्याच दिवसांनी ह्यांच्या चेहऱ्यावर बघितलं.

रात्री जेवताना आपणहून म्हणाले, "तू लिहून घे एकदा सगळं."

पावसाळ्यात दुसरं काम काय असतं? रोज दुपारी चहानंतर हे सांगायचे आणि मी वहीत लिहायचे. घालण्याची अकरा वाक्यं झाली, काढण्याची नऊ आणि ठेवण्याची चौदा. ठेवण्याची जास्त झाली ह्याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. शब्द त्यांचेच ठेवले. 'शिवणीला गाल लावावा' हे वाक्य वाचून कुणी हसेल, पण त्याला पर्यायी वाक्य मला शुद्ध मराठीत सुचलेलं नाही. सप्टेंबरात ती सगळी वाक्यं मी खोपटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिली, वर्गातल्या फळ्यावर लिहायचे तशी मोठ्या अक्षरात, म्हणजे हातात पट्टा धरूनही वाचता येतील. ऑक्टोबरात हूड त्या वाक्यांवरूनच उतरवला. शेजारचा मुलगा मोठ्याने वाचत होता, हे स्टुलावर बसून ऐकत होते आणि दोनदा दुरुस्ती सांगितली. दुरुस्त्या मी दारावर केल्या आहेत.

जीप विकायची की नाही हा प्रश्न संपला आहे असं मी म्हणणार नाही. ह्या गाड्यांचं रजिस्ट्रेशन पाच-पाच वर्षांनी नवं करावं लागतं. आमचं 2027 साली येतं. तेव्हा ह्यांची ऐंशी उलटलेली असेल, माझं पंचाहत्तरावं संपत आलेलं असेल. तेव्हाचं तेव्हा. पक्कं छप्पर बसवलं तर माळ्यावरची ती गुंडाळी कुणी खाली काढणार नाही आणि दारावरची वाक्यं नुसती भिंतीवरच्या सुविचारासारखी राहतील, एवढं मला कळतं. आणि खांदा बरा होणार नाही, हेही कळतं.

तूर्तास एक सूचना, विशेषतः नातेवाईकांना. आंबे खायला दरवर्षी मेच्या अखेरीस येता, आता पावसाचा नेम राहिलेला नाही, तेव्हा वीस तारखेच्या आत या. आल्यावर एक बाजू तुमची. वाचता येत असलं म्हणजे पुरे, बाकी सांगायला हे आहेतच.